फाट्यावरचे पाचशे मीटर

दर वर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्याजवळच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो लोक येतात. त्या वेळी पुणे-नगर रस्त्याचा तो भाग इतर वाहनांसाठी बंद ठेवतात. नगरकडून पुण्याला निघालेली जड वाहने पोलीस शिरूरजवळ न्हावरा फाट्यावरून आत वळवतात. न्हावरे, मग भीमा ओलांडून पारगाव, पुढे केडगाव-चौफुला, आणि तिथून सोलापूर महामार्गाने यवत, उरुळी कांचन करत हडपसर, असा हा वळसा आहे. एरवी नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता आपापल्या वाटेने जातात. त्या दिवशी एकाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर येतो.

नकाशात हा वळसा सरळसोट दिसतो. प्रत्यक्षात त्याची कसोटी दोनच जागी लागते. वाहने एक महामार्ग जिथे सोडतात तो न्हावरा फाटा आणि दुसऱ्या महामार्गात जिथे शिरतात तो चौफुला. मधल्या रस्त्यावर वाहने हळू का होईना, पण चालत राहतात. जिथे शिरायचे आणि जिथे बाहेर पडायचे, तिथे मात्र रांग लागते. वर्षाचे उरलेले दिवसही शिरूर आणि दौंड तालुक्यांत याहून वेगळे काही घडत नाही. शिक्रापूरला, कोरेगाव भीमाला, सणसवाडीला, रांजणगावला, इकडे चौफुल्याला आणि कुरकुंभला अडकणारा माणूस म्हणतो, ‘रस्ता अरुंद आहे, रुंद करा.’ माझे म्हणणे असे की रस्ता कमी पडतो तो रुंदीला नव्हे, लांबीला. आत येण्याची जागा आणि बाहेर पडण्याची जागा यांच्यात जे अंतर हवे, तेच आपण कधी ठेवले नाही.

आधी या मुलखाची ठेवण पाहू. पुण्यातून निघालेले दोन्ही रस्ते पूर्वेकडे जाताना एकमेकांपासून दूर होत जातात आणि त्यांच्यामध्ये भीमा आहे. नदी ओलांडायला पूल मोजके, म्हणून उत्तर-दक्षिण जाणारी सगळी वाहतूक मोजक्याच फाट्यांवर गोळा होते. त्यात नगर रस्त्यावर सणसवाडी आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती, सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची रासायनिक वसाहत. रांजणगावात भरलेला कंटेनर उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे निघाला की तो पुण्यात शिरत नाही. तो शिक्रापूरला उजवीकडे वळून चाकण, तळेगाव करत द्रुतगती मार्गाला लागतो. म्हणजे मराठवाडा-विदर्भाकडून पुण्याला येणारा सरळ प्रवाह आणि बंदराकडे वळणारा आडवा प्रवाह शिक्रापूरच्या चौकात एकमेकांना छेदतात. तिथेच पाबळचा रस्ताही येऊन मिळतो.

या छेदण्याचा एक प्रकार असा की तिथे सिग्नल नसतो आणि थांबण्याची अपेक्षाही नसते. दोन प्रवाह एकाच दिशेने चाललेले असतात, पण डावीकडच्याला उजवीकडे जायचे असते आणि उजवीकडच्याला डावीकडे. दोघांनी ठरावीक अंतरात, चालता चालता, बाजू बदलायच्या. वाहतूक अभियंते याला ‘विव्हिंग’ म्हणतात. एसटी थांबली की एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडतात, तसे हे होते. आतल्या जागा रिकाम्या असल्या तरी दारात खोळंबा होतोच.

शिक्रापूरला शिरणारा एक ट्रेलर घेऊ. मागे चाळीस फुटी कंटेनर, म्हणजे नुसती पेटीच बारा मीटरची. चालक डाव्या मार्गिकेतून ताशी ४० किलोमीटरने येतो आहे आणि त्याला चाकणसाठी उजवी मार्गिका गाठायची आहे. उजवीकडून कार ८०च्या वेगाने येताहेत. तो सेकंदाला ११ मीटर जातो, त्या २२ मीटर. उजव्या आरशात पन्नास मीटर मागे दिसणारी कार साडेचार सेकंदांत त्याच्या मागच्या चाकाशी येऊन ठेपणार. तो इंडिकेटर लावतो, पण कारवाला वेग कमी करण्याऐवजी वाढवतो, कारण एकदा हा पुढे आला की चौकापर्यंत याच्या मागे राहावे लागेल हे त्याला ठाऊक असते. त्याच वेळी डाव्या अंगाला कामाची पाळी संपवून निघालेल्या कामगारांच्या दुचाकी असतात. त्यातली एखादी समोरून, उलट्या दिशेने येते. चालकाची नजर उजव्या आरशात आणि धोका डाव्या चाकापुढे. तो ब्रेक दाबतो. त्याच्या मागचाही दाबतो.

हे सगळे करायला त्याला वेळ किती मिळतो, हा कळीचा प्रश्न आहे. बाजू बदलायला १५० मीटर असतील तर ४०च्या वेगाने त्याच्या हातात साडेतेरा सेकंद असतात. ५०० मीटर असतील तर ४५ सेकंद. साडेतेरा सेकंदांत एखादी मोकळी जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर तो मार्गिकेच्या टोकाला येऊन उभा राहतो. उभ्या ट्रेलरला पुन्हा वेग घ्यायला लागणारा वेळ मागच्या सगळ्यांनी मोजायचा.

मोकळी जागा मिळण्याचाही हिशेब आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. फाट्याच्या तोंडाशी एक ट्रक महामार्गात शिरायला उभा आहे आणि त्याला दोन वाहनांमध्ये आठ सेकंदांची फट हवी आहे असे धरा. शेजारच्या मार्गिकेतून तासाला १,२०० वाहने जात असतील तर सरासरी दर तीन सेकंदांना एक वाहन येते. वाहने आपापल्या तालाने, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी येतात असे मानून संभाव्यतेचे साधे सूत्र लावले, तर आठ सेकंदांहून मोठ्या फटी शंभरात सात निघतात. तासाभरात सुमारे ८३. वाहने निम्मी, म्हणजे ६०० झाली तर अशा फटी शंभरात सव्वीस होतात, तासाला सुमारे १५८. उलट वाहने १,८०० झाली तर तासाला जेमतेम ३३ फटी उरतात. गर्दी दीडपट वाढली की शिरायची संधी निम्म्याहून खाली येते. सकाळी दहाला सुरळीत चालणारा फाटा संध्याकाळी सहाला एकाएकी का तुंबतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वाहने थोडीच वाढलेली असतात, फटी मात्र झपाट्याने आटतात.

मग फट नसताना माणूस काय करतो? तो फट पाडतो. नाक पुढे घालतो, समोरच्याला थांबायला लावतो. आपण याला बेशिस्त म्हणतो, आणि ती आहेच. पण ज्याच्यासाठी रस्त्याने जागाच ठेवलेली नाही, त्याने घुसू नये तर काय करावे, हेही विचारायला हवे. महामार्गावर जड वाहने उजव्या मार्गिकेतून हलत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात. डाव्या मार्गिकेत काय असते ते पाहा. ढाब्यासमोर उभे असलेले ट्रक, रिक्षा, थांबलेली जीप, शेतातून वर आलेला ट्रॅक्टर, उलट येणारी दुचाकी. चालकाने उजवी मार्गिका धरली ती या सगळ्यापासून सुटका म्हणून. मग कारवाले डावीकडून पुढे काढतात आणि जे विव्हिंग फक्त फाट्यावर व्हायला हवे ते शिरूरपासून वाघोलीपर्यंत सगळीकडे सुरू होते.

उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीलाही कारण असते. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला आणि समोरच्या बाजूला असलेले दुकान, शाळा, कंपनीचे फाटक एकदम लांब गेले. वळायला अधिकृत जागा दूर असेल तर तेवढे पुढे जाऊन परत यायला कोणी तयार होत नाही. मग सर्व्हिस रोडवरून उलटे जाणे किंवा दुभाजकात पाडलेल्या ‘कट’मधून निसटणे हे दोनच मार्ग उरतात. असा प्रत्येक कट म्हणजे अंतर न ठेवता केलेला एक नवा फाटा आहे. त्यात माणसे मरतात. रस्ता आखतानाच गावाच्या रोजच्या येण्याजाण्याचा विचार केला असता तर यांतली पुष्कळ माणसे आज घरी असती, असे मला मनापासून वाटते.

दौंड आणि शिरूर म्हटले की यात ऊस येतोच. पाटसचा भीमा कारखाना, आलेगावचा दौंड शुगर, शिरूरकडे जातेगावचा व्यंकटेशकृपा, शिवाय केडगाव-यवत भागातली गुऱ्हाळे. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस रस्त्यावर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९०मध्ये ग्रामीण भागातील रस्त्यांच्या क्षमतेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक वाहन किती कारइतकी जागा खाते याचे आकडे आहेत. दुचाकी अर्धी कार, ट्रक किंवा बस तीन, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी आठ. हे आकडे सरळ रस्त्यावरचे. फाट्यावर वळताना दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दोन्ही मार्गिका अडवून वळतो, तेव्हा त्याचा भार कितीतरी जास्त पडतो. रात्री मागच्या ट्रॉलीवर परावर्तक नसेल तर मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ऊस वाहणारा माणूस यात खलनायक नाही. कारखान्यापर्यंत जायला त्याला दुसरा रस्ता नाही.

एका फाट्यावर कोणी ब्रेक दाबला तर तीन किलोमीटर मागे का थांबावे लागते, याचे उत्तर १९५५मध्ये इंग्लंडमधल्या लाइटहिल आणि व्हिदॅम या दोन गणितज्ञांनी दिले. वाहनांचा ओघ त्यांनी द्रवाच्या प्रवाहासारखा मांडला आणि दाखवले की गर्दीची लाट वाहनांच्या उलट दिशेने मागे सरकते. २००८मध्ये जपानमधल्या सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर डोळ्यांनी दिसेल असा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखे चालवायला सांगितले. ना फाटा, ना सिग्नल, ना अडथळा. तरी थोड्याच वेळात कुठेतरी गाड्या थांबू लागल्या आणि ती कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. नुसत्या लहानसहान चुकांतून हे होते. आपल्या फाट्यावर तर दर मिनिटाला कोणीतरी धक्का देत असतो. म्हणून कोंडीत तासभर काढून पुढे गेल्यावर ‘इथे तर काहीच झालेले नाही’ असा अनुभव येतो. जे झाले ते पुढे, मघाशी झाले आणि त्याची लाट आपल्यापर्यंत आता पोहोचली.

ज्या देशांनी मोठे रस्ते आधी बांधले, त्यांनी अंतर न ठेवण्याची ही चूक आधी केली. मेरीलँडच्या आर्थर हेल यांनी १९१६मध्ये चार पाकळ्यांच्या चौकाचे पेटंट घेतले. दोन महामार्ग एकमेकांच्या वरखालून जातात आणि वळणारी वाहने पाकळ्यांसारख्या गोल रॅम्पवरून फिरतात. १९२९मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला अमेरिकेतली अशी पहिली रचना उभी राहिली. सिग्नल संपला, सगळ्यांना आनंद झाला. पण या रचनेत एक पाकळी वाहने आत आणते आणि लगेच पुढची पाकळी वाहने बाहेर नेते. आत येणाऱ्याला उजवीकडे-डावीकडे करायला आणि जाणाऱ्याला बाहेर पडायला तोच तुटपुंजा तुकडा. शेजारच्या दोन पाकळ्यांवर मिळून तासाला हजाराच्या आसपास वाहने झाली की सरळ जाणाऱ्यांचाही वेग पडू लागतो, असे अमेरिकी अभियंत्यांच्या मार्गदर्शिकेत नोंदवलेले आहे. म्हणून तिथे पुष्कळ ठिकाणी पाकळ्या काढून टाकल्या, किंवा मुख्य रस्त्याला लागून वेगळी समांतर मार्गिका दिली. धक्काबुक्की तिथे होऊ दे, सरळ जाणाऱ्याला तिची झळ नको. दोन साध्या फाट्यांमध्ये, एकाचे आत येणे आणि पुढच्याचे बाहेर पडणे यांच्यात, किमान १,६०० फूट म्हणजे सुमारे ४८० मीटर अंतर ठेवावे असे त्यांचे मानक सांगते. दोन महामार्ग मिळतात तिथे ते २,००० फुटांपर्यंत जाते.

चौकात गोल वर्तुळ करून प्रश्न सुटेल असे आपल्याकडे अनेकांना वाटते. वर्तुळ म्हणजेही विव्हिंगच, फक्त कमी वेगाचे. सगळ्या बाजूंनी मिळून तासाला ३,००० वाहनांपर्यंतच ते नीट काम करते, असे इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६मध्येच सांगून ठेवले आहे.

महाराष्ट्रात विव्हिंगचे सर्वांत ठळक उदाहरण बोरघाटात आहे. द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या चार, आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत एकाच सहापदरी घाटात कोंबल्या गेल्या. शनिवारी सकाळी तिथे अडकलेला माणूस चढाला दोष देतो, ट्रकला दोष देतो, पण मूळ दुखणे दोन रस्ते एकत्र येण्यात आणि पुन्हा वेगळे होण्यात आहे. खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा नवा जोडरस्ता आखला तो याचसाठी. पुण्याच्या चांदणी चौकातही तेच होते. मुंबई, सातारा, मुळशी, कोथरूड, बावधन, पाषाण, सगळ्यांच्या वाटा एका पुलाभोवती गुंतलेल्या. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ला नव्या रॅम्पांसह चौक खुला झाला. वाटा सुट्या झाल्या. मात्र कोणत्या रॅम्पने कुठे जायचे हे सुरुवातीला अनेकांना उमगेना. माणसाला आपले वळण आधीच कळले नाही तर तो शेवटच्या पन्नास मीटरमध्ये गाडी आडवी घालणारच. फलक जितका आधी, तितके विव्हिंगला अंतर जास्त. शिक्रापूरला चाकणचा फलक दोन किलोमीटर आधी, मग एक किलोमीटर आधी, मग पाचशे मीटर आधी आणि ट्रकच्या चालकाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावणे, याला ना जमीन लागते ना मोठा निधी.

याच दौंडमध्ये रेल्वेने आपला गुंता कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. मनमाडकडून येणारी गाडी पुण्याला जायची तर ती आधी दौंड जंक्शनात शिरायची, तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि मग ती पुण्याकडे निघायची. तेवढा वेळ फलाट अडायचा. रेल्वेने गावाबाहेरून एक कॉर्ड लाइन टाकली, तिच्यावर दौंड कॉर्ड लाइन नावाचे स्थानक झाले आणि मनमाडकडून येणाऱ्या गाड्यांना इंजिन न फिरवता पुण्याला जाता येऊ लागले. ज्यांना दौंडला काम नाही त्यांना दौंडात आणू नका, एवढाच तो विचार. शिक्रापूर चौकात रोज अडकणाऱ्या कंटेनरांपैकी कितींचे शिक्रापुरात काम असते?

आता या भागात मोठी कामे येऊ घातली आहेत. पुण्याहून शिरूरपर्यंत सुमारे ५३ किलोमीटरचा उन्नत मार्ग, हडपसर ते यवत सहापदरी उन्नत मार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याचे काम, यांना राज्य सरकारने मंजुरी दिली आहे आणि ती महाराष्ट्र राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे आहेत. सरळ जाणाऱ्यांना वर नेले की खालचा भार हलका होईल, हे खरे. पण वर गेलेले वाहन कुठेतरी खाली उतरणार. शिक्रापूर चौकाच्या अलीकडे दोनशे मीटरवर रॅम्प उतरला तर उजव्या बाजूने खाली आलेल्या कारला डावीकडे गावात जायचे असेल आणि खालून आलेल्या ट्रेलरला उजवीकडे चाकणला. आजचीच धक्काबुक्की, पण जास्त वेगाने. यवतला उन्नत मार्ग संपेल तिथे पुढे चौफुल्यापर्यंत तीच वाहने, तेच उसाचे ट्रॅक्टर आणि तेच फाटे असतील. कोंडी पुण्याच्या वेशीवरून उचलून दौंड तालुक्यात आणून ठेवणे म्हणजे ती सोडवणे नव्हे.

शिरूर-दौंडच्या ग्रामपंचायतींनी, उद्योजकांनी आणि ऊस वाहतूकदारांनी म्हणून एक करावे. आराखडा समोर येईल तेव्हा खांब किती आणि खर्च किती यावर सगळा वेळ घालवू नये. रॅम्प कुठे उतरतो आणि तिथून पुढचा फाटा किती मीटरवर आहे, हा आकडा लेखी मागावा. तो पाचशेच्या आत असेल तर त्या रॅम्पची जागा बदलेपर्यंत सही करू नये.